कमरेमागचा हात

३ फेब्रुवारी

ती. ताईस नमस्कार.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहितोय. आपल्यात पत्र लिहायची पाळी कधी आली नव्हती. पोस्टाला तीन दिवस लागतील, तेवढ्या वेळात मी चालत दहा वेळा तुझ्याकडे येऊन जाईन. पण दार उघडणार नाही हे मागच्या वेळी कळलं. आतून तुझ्या शिलाई मशीनचा आवाज येत होता. मी बेल वाजवली तेव्हा मशीन थांबलं, आणि थोड्या वेळाने परत सुरू झालं. मी जिना उतरलो.

कामाचं आधी सांगतो. भावोजींची सायकल माझ्याकडे आहे. ज्या रोपवाटिकेच्या बाईंनी त्यांना टेम्पोत घालून हॉस्पिटलात आणलं, त्यांनी ती इतके दिवस शेडमध्ये कुंड्यांच्या मागे ठेवली होती. परवा जाऊन घेऊन आलो. पुढच्या चाकाला थोडा बाक आला होता, तो काढून घेतला. साखळीला तेल दिलं. सध्या माझ्या गॅलरीत आहे. तुझ्याकडे आणू की इथेच राहू दे, एवढं कळव. चिऊकडे निरोप दिलास तरी चालेल. तुझी लेक असली तरी भाची माझीच आहे, ती अजून माझ्याशी एखादं वाक्य बोलते.

आता दुसरं. आमच्या सायकलच्या ॲपमधला नकाशा चिऊने तुला दाखवला, हे तिनेच मला सांगितलं. आमचा ग्रुप दर रविवारी कुठून कुठे गेला, किती वेगाने गेला, सगळं त्यात उमटतं आणि कुणालाही दिसतं. ते सगळ्यांना दिसावं असं मीच ठेवलं होतं. वेग चांगला आला की लोक अंगठे देतात, तेवढ्यासाठी. तर त्या नकाशात आम्ही परत येताना टेकडीच्या रस्त्यानेच आलो असं दिसतं. आणि हॉस्पिटलात मी तुला सांगितलं होतं की आम्ही दुसऱ्या रस्त्याने आलो.

ते चुकीचं सांगितलं. गडबडीत तोंडून गेलं. आलो आम्ही त्याच रस्त्याने, पण ताई, भावोजी दिसले नाहीत. आम्ही एकामागे एक अशा रांगेत चालवतो, पुढच्याच्या मागच्या चाकापासून हातभर अंतरावर. नजर त्या चाकावर ठेवावी लागते. इकडेतिकडे बघितलं तर अकरा जण एकमेकांवर पडतील. मी बहुतेक तिसरा होतो. कडेला कोण बसलंय हे मला दिसणं शक्यच नव्हतं. तू रागावलीस ते समजतं, पण एवढं लक्षात घे.

पत्रात ऱ्हस्वदीर्घाच्या चुका खूप असतील. भावोजी पेन्सिल घेऊन बसतील आणि समासात खुणा करतील, आयुष्यभर प्रुफं तपासलेला माणूस, हात शिवशिवणारच. हे लिहून झाल्यावर आठवलं की त्यांना अक्षरं अजून लागत नाहीत. चिऊने सांगितलं होतं. वाक्य खोडत नाही. खोडलं तर तुला वाटेल मी काहीतरी लपवतोय.

तुझा,
टिल्ल्या


१४ फेब्रुवारी

ताई,

उत्तर नाही. सायकलबद्दलही नाही. ठीक आहे.

मला वाटतं, मी मधूनच सांगायला लागलो. ग्रुप म्हणजे काय, हेच तुला कधी नीट सांगितलं नव्हतं. तुझ्या लेखी आम्ही म्हणजे रविवारी आखूड चड्ड्या घालून उंडारणारी मोठी माणसं. त्यात खोटं काही नाही म्हणा.

अकरा जण आहोत. एक वकीलबाई आहेत, दोघं इमारती बांधणारे आहेत, आणि एक डॉक्टर. डॉक्टर म्हणजे दातांचे, ज्यांच्या दवाखान्यासाठी मी कवळ्या करतो तेच. आठवडाभर त्यांच्याकडून साचे येतात. मी आमच्या लॅबमध्ये प्लास्टरच्या धुळीत बसून त्यावर दात बसवतो आणि डबा परत नेऊन देतो. सहा वर्षांत त्या दवाखान्यात मला कुणी खुर्ची दिलेली नाही. काउंटरवरची मुलगी एक डबा घेते, दुसरा पुढे सरकवते. डॉक्टर आतून दिसतात, पण त्यांना मी दिसत नाही. आणि रविवारी पहाटे तेच डॉक्टर मला 'कॅप्टन' म्हणतात. माझ्या चाकावर नजर लावून मागे येतात. मी हात वर केला की थांबतात. ते काय असतं, ते तुला कसं सांगू.

कॅप्टन मी पायांच्या जोरावर झालो नाही. माझ्यापेक्षा चांगले चालवणारे चार जण आहेत. मी नियमांच्या जोरावर झालो. ते कुठे लिहिलेले नसतात, म्हणूनच ज्याला माहीत असतात त्याला मान. मोजे घोट्याच्या वर चार बोटं. चष्म्याच्या काड्या हेल्मेटच्या पट्ट्यांच्या बाहेरून. टायरवरचं नाव हवा भरायच्या तोंडाच्या बरोबर समोर. स्टँड नको, घंटी नको, मडगार्ड नको, कॅरियर तर नकोच नको. दुसऱ्याच्या सायकलचं वजन तोंडाने विचारायचं नाही. भिंतीला टेकवलेली असताना सहज गेल्यासारखं करून दोन बोटांनी उचलून बघायचं आणि भुवई वर करायची. यातलं मी एक एक वाचून, बघून, कान देऊन गोळा केलं. नवीन कुणी आला की त्याच्या मोज्यांकडे आधी मी बघायचो. आणि मग डॉक्टरांकडे.

तेवढ्यात तू म्हणालीस, यांचं ब्लड प्रेशर वाढलंय, व्यायाम करा म्हणून सांगितलंय, एकटे हे काही करायचे नाहीत, तुझ्याबरोबर ने. मी हो म्हणालो. तुला नाही म्हणायची सवय मला लागलेलीच नाही. आई गेल्यावर तू मला वाढवलंस, आणि लग्न होऊन गेलीस तेव्हा मलाही बरोबर घेऊन गेलीस. भावोजींनी एका शब्दाने कधी विचारलं नाही की हा किती दिवस राहणार. सात वर्षं राहिलो.

पहिल्या रविवारी ते माझ्याही आधी येऊन थांबले होते. इस्त्रीची पॅन्ट, घोट्याशी चिमटा, कॅरियरला बांधलेल्या पिशवीत सरबताच्या जुन्या बाटलीत पाणी. आमच्या अकरा सायकली भिंतीला टेकवलेल्या आणि मधोमध त्यांची एकटी स्टँडवर उभी, ताठ. सीटवर तू शिवलेली फुलाफुलांची गादी. डॉक्टरांनी ती सायकल दोन्ही हातांनी उचलायचं नाटक केलं आणि कंबर धरून बसले. सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने भावोजी हसले.

मग डॉक्टरांनी मला विचारलं, "कॅप्टन, हे कोण?"

मी म्हणालो, "आमच्या शेजारी राहतात."

भावोजी तिथेच होते, दोन पावलांवर. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. डॉक्टरांकडे बघून म्हणाले, "हो, अगदी भिंतीला भिंत."

घरी जाताना ते त्याबद्दल काही बोलले नाहीत. तुलाही काही सांगितलं नसणार, कारण त्या दुपारी तू मला जेवायला बोलावलंस आणि पानात दुसऱ्यांदा वाढलंस.

त्या आठवड्यात मी त्यांना फोनवर एक एक गोष्ट सांगत गेलो. स्टँड काढा. घंटी काढा. मडगार्ड काढा. मी सांगायचो ते त्यांच्या काळजीने सांगतोय असं. वजन कमी होईल, चढाला सोपं जाईल. त्यांनी पान्हा घेऊन सगळं काढलं. गादीबद्दलही सांगितलं. तेव्हा मात्र म्हणाले, "ती राहू दे. ती हिने शिवलीय."

सध्या एवढंच. हे आधीच सांगायला हवं होतं.

टिल्ल्या


२ मार्च

ताई,

आज लॅबमध्ये रजा टाकली आहे. हे पत्र पुरं झाल्याशिवाय उठायचं नाही असं ठरवून बसलोय. सकाळपासून तीन कागद फाडले.

तो तिसरा रविवार. पहाटे साडेपाचला निघालो. चढाच्या पायथ्याशी पोचलो तेव्हा सात वाजले होते. भावोजी नेहमीसारखे शेवटी होते. शर्ट पाठीला चिकटला होता, पण बोलत होते, हसत होते. माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे. मी माझ्या चालीने येतो. वर भेटू." हळू आवाजात का, तर मला कुणासमोर त्यांच्याशी बोलावं लागू नये म्हणून. ती काळजीही तेच घेत होते.

आमच्यात एक नियम आहे, आणि तो सगळ्यांना मीच शिकवला आहे. नवीन माणूस चढावर एकटा सोडायचा नाही, एकाने बरोबर राहायचं. आणि चढ संपला की शेवटचा वर येईपर्यंत कुणी हलायचं नाही. ग्रुपची इभ्रत त्यात असते असं मी म्हणायचो. त्या दिवशी मी कुणालाही मागे ठेवलं नाही. ठेवायचं तर मलाच राहावं लागलं असतं. वर पोचून आम्ही आठ मिनिटं थांबलो. पाय गार पडायला लागले, तशी चुळबुळ सुरू झाली. वकीलबाईंनी विचारलं, तुझे शेजारी कुठे राहिले? मी म्हणालो, परत गेले असतील, त्यांना आज घरी लवकर जायचं होतं. आणि मी पेडल मारलं. कॅप्टन निघाला की सगळे निघतात.

पुढे धरणाच्या भिंतीपर्यंत गेलो आणि त्याच रस्त्याने वळलो.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की मी तिसरा होतो. मी तिसरा नव्हतो. मी सगळ्यात पुढे होतो. पुढच्याला कुणाच्या चाकाकडे बघायचं नसतं. त्याने रस्ता बघायचा असतो, मागच्या सगळ्यांसाठी.

उतार संपल्यावर रस्ता सरळ होतो. डाव्या कडेला मैलाचा दगड आहे. त्याला टेकून कुणीतरी बसलं होतं. पन्नास मीटरवरून मी ओळखलं. सायकल खाली गवतात आडवी पडली होती आणि त्यावरची तुझी फुलाफुलांची गादी उन्हात दिसत होती. ताई, मी ओळखलं. 'कुणीतरी असेल' असं वाटण्याइतकाही वेळ गेला नाही, लगेच ओळखलं.

थांबायचं असेल तर पुढच्याने हात वर करायचा आणि हळूहळू वेग कमी करायचा. कडेला अडथळा असेल, खडी असेल, मेलेलं कुत्रं असेल, तर हात कमरेमागे न्यायचा आणि दुसऱ्या बाजूला हलवायचा. म्हणजे मागच्यांना कळतं, तिकडे जाऊ नका, इकडून घ्या. बोलायचं नाही, मागे वळायचं नाही.

मी डावा हात कमरेमागे नेला आणि उजवीकडे हलवला.

मागच्या दहा जणांनी सुरेख वळण घेतलं. कुणी ब्रेकसुद्धा लावला नाही. इतकी सरळ, इतकी एकसारखी रांग आमची क्वचितच पडली असेल. तशा भरधाव वेगात ते तुझ्या नवऱ्याच्या बाजूने निघून गेले. त्यांना दोष देऊ नकोस. मी अडथळा दाखवला, त्यांनी अडथळा चुकवला.

मला त्या वेळी काय वाटलं, तेही लिहितो. मला वाटलं, दमले असतील, बसले असतील, बसू देत. आणि मला वाटलं, थांबलो तर ते सगळ्यांसमोर मला टिल्ल्या म्हणतील. बस. याहून मोठं काही वाटलं नाही. मी खूप शोधलं, सहा महिने शोधतोय. भीती असेल, राग असेल, जुनं काही असेल. काही सापडत नाही. एवढंच होतं.

हँडलवरच्या घड्याळात आठ वाजून बारा मिनिटं झाली होती.

रोपवाटिकेच्या बाईंना ते दहा वाजता दिसले, आणि हॉस्पिटलात आले पावणेअकराला. तू मला फोन केलास, मी आलो. तोवर मी अंघोळ करून झोपलो होतो. कॉरिडॉरमध्ये त्या तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, यांना शेवटचं धडधाकट कुणी बघितलं, किती वाजता? तू माझ्याकडे बघितलंस. त्यांनी समजावूनही सांगितलं: मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, वेळ नक्की नसेल तर धोका पत्करता येत नाही.

मी म्हणालो, "निघताना. साडेपाचला."

साडेपाच म्हटल्यावर त्यांनी मनात हिशोब केला आणि मान हलवली. ती मान हलताना तूही बघितलीस.

ताई, सात वाजता ते माझ्याशी बोलत होते. सात म्हटलं असतं तर वेळ उरत होता. पण सात म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग सातनंतर काय झालं. म्हणून साडेपाच म्हणालो. आणि तू 'पण तुम्ही येताना?' असं विचारलंस तेव्हा दुसरा रस्ता सांगितला. ते गडबडीत तोंडून गेलं नव्हतं. पूर्ण शुद्धीत, तुझ्या डोळ्यांत बघून सांगितलं.

इंजेक्शनने सगळं ठीकच झालं असतं असं नाही. तेही मी त्या डॉक्टरीणबाईंना नंतर एकटा जाऊन विचारून आलो. त्या म्हणाल्या, सांगता येत नाही. उजवा हात लुळा पडला नसता, बोलणं गेलं नसतं, कदाचित. कदाचित गेलंही असतं. मला वाटलं होतं त्या 'काही फरक पडला नसता' म्हणतील आणि मी घरी जाऊन झोपेन.

आता तुला सगळं माहीत आहे.

टिल्ल्या


२० मार्च

ताई,

पत्र मिळालं का, एवढंच विचारतोय. चिऊला विचारलं तर ती 'आईला विचार' म्हणाली. तिला काही माहीत नसावं. किंवा माहीत असावं. तिचा आवाज पहिल्यासारखाच होता, आणि पहिल्यासारखा नव्हताही.

तू शिवणाचा क्लास बंद केलास असं तिच्याकडून कळलं. बारा बायका येत होत्या ना? भावोजींना एकटं ठेवता येत नाही, हे ओघाने आलंच. माझ्या डोक्यात ते कधी आलंच नव्हतं. मला भावोजींचा हात दिसायचा, भावोजींचं बोलणं आठवायचं. तुझं काय काय गेलं ते मोजायला मी बसलोच नव्हतो.

लॅबमध्ये चुका व्हायला लागल्या आहेत. परवा एका म्हातारबाईंची कवळी परत आली, वरचे दात खालच्यांवर बसत नव्हते. सहा वर्षांत असं झालं नव्हतं. डॉक्टरांच्या काउंटरवरच्या मुलीने डबा पुढे सरकवला आणि म्हणाली, सरांनी विचारलंय, तब्येत बरी आहे ना? सायकल मी ऑक्टोबरपासून चालवलेली नाही. म्हणजे त्या रविवारनंतरही दोनदा गेलो होतो. हेही तुला सांगितलं नव्हतं. तू अतिदक्षता विभागाच्या बाहेर बाकावर झोपत होतीस तेव्हा मी दोनदा गेलो. दुसऱ्यांदा मैलाच्या दगडाशी आलो तेव्हा पाय चालेनात. ग्रुपला सांगितलं, गुडघा दुखतोय. त्यांनी मला चार प्रकारचे पट्टे सुचवले. आता कॅप्टन दुसरा कुणी आहे.

तू शिव्या दे. चिऊला पाठवून चार लोकांत माझी अब्रू काढ. पोलिसांत जा म्हटलंस तर जाईन, तिथे काय सांगायचं ते तू सांग. पण काहीतरी कर. हे असं पत्र पेटीत टाकायचं आणि मग रोज खाली जाऊन टपालाचा डबा उघडून बघायचा, यात माझं डोकं फिरायला लागलंय.

हे वाचून तुला वाटेल, हा अजून स्वतःचंच रडतोय. बरोबर आहे.

टिल्ल्या


६ एप्रिल

ताई,

तुझं पत्र काल आलं. पाकिटावरचं तुझं अक्षर बघून जिन्यातच बसलो. अर्ध्याच पानाचं आहे आणि पाठ झालंय.

तू लिहिलंस की त्यांना त्या सकाळचं काहीच आठवत नाही. चढ नाही, निघणं नाही, त्याआधीचे दोन रविवारही नाहीत. मला इतके दिवस वाटत होतं की त्यांना सगळं माहीत आहे आणि बोलता येत नाही म्हणून ते गप्प आहेत. मी त्या गप्प राहण्याला घाबरून होतो. आणि तू लिहितेस, रोज सकाळी चहाचा कप हातात दिला की ते दाराकडे बघतात आणि 'तिल्या' म्हणतात. त्यांना येणाऱ्या सातआठ शब्दांतला तो एक आहे. तू सांगतेस, त्याची बदली झाली. ते मान हलवतात. दुसऱ्या दिवशी परत विचारतात.

पुढची तुझी वाक्यं मी जशीच्या तशी उतरवतो, म्हणजे मी ती नीट वाचली हे तुला कळेल. 'तू लिहून मोकळा झालास. आता रोज सकाळी ते तुझं नाव घेतात तेव्हा हे पोटात ठेवून मला त्यांच्यासमोर बसायचंय. त्यांना मी हे कधीच सांगणार नाही. तू येऊ नकोस. तुला बघून ते खूश झाले तर मला ते बघवणार नाही.'

नाही येणार.

आणि शेवटी तू विचारलंस. तिथे त्यांना बघणारा मी एकटाच होतो, म्हणून. कसे बसले होते? त्रास होत होता का? खरं लिही, म्हणालीस. लिहितो.

मैलाच्या दगडाला पाठ टेकून बसले होते. पाय रस्त्याकडे पसरलेले. पॅन्टचा घोट्याशी लावलेला चिमटा तसाच होता. हेल्मेट काढून बाजूला उलटं ठेवलं होतं आणि चष्मा काढून त्यात ठेवला होता. मागच्यांनी त्या वेगात त्यांना ओळखलं नाही ते त्यामुळेच असेल. म्हणजे पडले नसावेत, स्वतः उतरून, स्वतः बसले असावेत. तेवढं भान होतं. सरबताची बाटली मांड्यांमध्ये होती, बूच लावलेलं. ते उघडलं गेलं नसेल असं मला आता वाटतं. उजवा हात बाजूला पडला होता, तळवा वर, दुसऱ्या कुणाचा आणून ठेवल्यासारखा. तोंडावर ऊन होतं, पण त्यांनी मान वळवली नव्हती.

त्रास होत होता का. चेहऱ्यावर दुखण्याचं काही नव्हतं, ताई. हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही, तो हक्क माझा राहिला नाही. प्रुफात एखादा शब्द अडला की ते कपाळाला आठ्या घालून कागद लांब धरायचे ना, तसे दिसत होते. घाबरलेले नव्हते. काहीतरी लागत नव्हतं, आणि ते लावायचा प्रयत्न करत होते.

आम्ही येतोय हे त्यांना चाकांच्या आवाजाने कळलं असावं, कारण त्यांनी मान वर केली. चष्मा नव्हता, त्यामुळे त्यांना मी दिसलो की नुसते रंग दिसले, ते सांगता येत नाही.

यापुढचं मी मागच्या पत्रात लिहिलं नव्हतं. सगळं सांगितलं असं म्हणालो होतो, तेव्हाही हे ठेवून घेतलं होतं.

त्यांनी हात वर केला. डावा. पूर्ण वर, खांद्याच्या वर, आणि हलवला. दोनदा. मी त्यांच्यासमोरून गेलो तेव्हा तो हात वरच होता. मी कमरेमागे हात नेला तो त्यानंतर नाही, त्याच वेळी.

डॉक्टर त्या दिवशी रांगेत सगळ्यात शेवटी होते. आम्ही शहरात शिरलो, नेहमीच्या दुकानात कॉफी घ्यायला बसलो. सायकली भिंतीला टेकवल्या. नऊ वाजले असतील. भावोजी तेव्हा त्या दगडापाशीच होते आणि पुढचा तासभर तिथेच असणार होते. हॉस्पिटल कॉफीच्या दुकानापासून दोन चौकांवर आहे, तुला माहीत आहे. सगळे खूश होते, वेग चांगला आला होता. डॉक्टरांनी बूट सैल केले, पाय लांब केले आणि मला म्हणाले, "कॅप्टन, या रस्त्यावरची माणसं काय गोड आहेत. मघाशी तो कडेला बसलेला माणूस बघितलास? आपल्याला हात करत होता. मीही केला."

मी म्हणालो, "हो, बघितला."

टिल्ल्या